पाच टनांची रेल्वे

बार्शी लाइट रेल्वेचा रूळ यार्डाला ३० पौंडांचा होता. आजच्या मापात मीटरला साधारण १५ किलो. मुख्य मार्गांवर आज सहसा ६० किलोचा रूळ घालतात, म्हणजे जवळजवळ चौपट. या हलक्या रुळावर एका अ‍ॅक्सलमागे पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये, असं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ठरवलं. इंजिनांची चाकं, डब्यांची लांबी, गाडी किती ओढेल, पावसाळ्यात किती ओढणार नाही, हे सगळं मग या आकड्यातून ठरत गेलं. लातूरपासून बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेपर्यंत गेलेली ती ३२५ किलोमीटरची अडीच फुटी लाइन आता जमिनीवर उरलेली नाही. ती संगणकात, ट्रेन सिम्युलेटरमध्ये पुन्हा उभी करायची तर हात कुठे घालायचा? बहुतेक जण जमिनीपासून किंवा इंजिनाच्या रंगापासून सुरुवात करतात. माझं उत्तर वेगळं आहे: पाच टनांपासून.

कॅलथ्रॉप १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, म्हणजे जीआयपीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. जीआयपीची पुण्याहून सोलापूरकडे जाणारी लाइन बार्शीला एका बाजूला ठेवून गेली होती. बार्शी ही कापसाची पेठ. तिथला माल बैलगाड्यांतून ‘बार्शी रोड’ स्टेशनपर्यंत यायचा आणि तिथे मोठ्या गाडीत चढायचा. हे बार्शी रोड म्हणजेच आजची कुर्डुवाडी. एवढ्या अंतरासाठी साडेपाच फुटी गेजची लाइन टाकणं परवडणारं नव्हतं, आणि रस्त्याने होणारी वाहतूक तर डोळ्यांसमोर दिसत होती. कॅलथ्रॉपने अनेक वर्षं या एका योजनेचा पिच्छा पुरवला. १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन गाडी सुरू झाली. गेज अडीच फूट, ७६२ मिलिमीटर.

पाच टनांमागचा विचार साधा आहे, पण त्या काळी तो फार थोड्यांनी शेवटपर्यंत नेला होता. कुठल्याही रेल्वेत सगळ्यात जड असतं ते इंजिन. रूळ, स्लीपर, पूल, मोऱ्या, सगळं त्या इंजिनाच्या सर्वांत जड अ‍ॅक्सलच्या हिशोबाने बांधावं लागतं. मागचे डबे त्याच्या निम्म्या भाराचे असले, तर गाडीचा बाकी सगळा भाग जाताना रुळाची निम्मी ताकद वाया जाते. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की इंजिनाचं वजन जास्त चाकांवर पसरून त्याचा अ‍ॅक्सल पाच टनांवर आणा, आणि डबे बोगीचे, मोठे करून त्यांचा भरलेला अ‍ॅक्सलही पाच टनांपर्यंत न्या. मग हलक्यात हलका रूळ पुरेल आणि त्याच्या प्रत्येक इंचाकडून पूर्ण काम घेता येईल.

त्यामुळे बार्शीची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीने बनवली ती ०-८-४ या रचनेची: एकमेकांना जोडलेली आठ चालती चाकं आणि मागे चार भारवाहू चाकं. नंतर त्याच कारखान्यातून ४-८-४ आली. एवढ्याशा गेजवर एवढी चाकं पाहून नवख्याला आश्चर्य वाटतं, पण पाच टनांची अट समोर ठेवली की दुसरा मार्गच नव्हता, हे कळतं. मालडबे लीड्स फोर्ज या कारखान्याचे, दाबून घडवलेल्या पोलादी चौकटीचे, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. उघडा डबा असो की बंद, खालची चौकट एकच. ७ फूट म्हणजे गेजच्या जवळजवळ तिप्पट रुंदी. हे सगळं जहाजात चढण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून जाणकारांसमोर चालवून दाखवलं गेलं. पुढे कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरची लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी लाइन बांधली. १९०४ ते १९३४ एवढंच तिचं आयुष्य. तिच्या इंजिनांकडे पाहताना बार्शीशी असलेलं नातं लपत नाही. याच माणसाने नंतर वैमानिकांसाठी पॅराशूटही तयार केलं. भार कसा वाटून घ्यावा, हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला असावा.

बार्शीहून लाइन पुढे ताडवळे आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली, दुसऱ्या बाजूने कुर्डुवाडीहून पंढरपूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत. १९५४ मध्ये ती सरकारने विकत घेतली. २००१ च्या सुमारास कुर्डुवाडी–पंढरपूर रुंद झाली, २००७–०८ मध्ये लातूर–कुर्डुवाडी, आणि शेवटी पंढरपूर–मिरज. आज त्या भागात ब्रॉडगेजच्या गाड्या धावतात. लोकांच्या तोंडी मात्र अजून ‘बार्शी लाइट’ आहे.

आता सिम्युलेटरविषयी थोडं. घरच्या संगणकावर रेल्वे चालवण्याची हौस नव्वदच्या दशकात जपानमध्ये रुजली. जगभर ती पसरली २००१ मध्ये, जेव्हा मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर आणि ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचं ट्रेन्झ एकाच वर्षी बाजारात आली. दोन्हींमध्ये मोठी गोष्ट अशी होती की चालवणाऱ्यालाच स्वतःचा मार्ग बांधायची साधनं दिली होती. मायक्रोसॉफ्टचा कार्यक्रम पुढे कंपनीने सोडून दिला, पण स्वयंसेवकांनी ‘ओपन रेल्स’ हा मुक्त कार्यक्रम लिहून त्याच्या मार्गांना नवं आयुष्य दिलं. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर, कोळसा, पाणी, चाकांची पकड या गोष्टींचा त्यात जितका बारीक हिशोब आहे, तितका विकतच्या अनेक चकचकीत खेळांत नाही. बार्शीसाठी मी तोच निवडीन.

मायक्रोसॉफ्टच्या त्या पहिल्या पेटीत अमेरिकेच्या नॉर्थईस्ट कॉरिडॉरचा वॉशिंग्टन–फिलाडेल्फिया टप्पा होता, इंग्लंडची सेटल–कार्लाइल होती, आणि जपानच्या क्यूशू बेटावरची हिसात्सु लाइनही होती. हिसात्सु म्हणजे डोंगरातली एकेरी लाइन, डिझेलचा डबा, ओकोबाला डोंगराभोवती घेतलेला पूर्ण वळसा आणि त्याच वळशात पुढे-मागे करत चढणारा झिगझॅग. प्रसिद्ध मार्गांच्या रांगेत ती गरीब दिसते. पण ज्यांनी ती चालवली त्यांना लहान लाइनची गोडी तिथेच लागली: प्रत्येक वळण लक्षात राहतं आणि प्रत्येक स्टेशनावर काही तरी करायला लागतं. जुलै २०२० मध्ये कुमा नदीच्या पुरात त्या लाइनचे पूल वाहून गेले.

लहान लाइन बांधायला सोपी असेल असं वाटतं, आणि एका अर्थी ती आहे. मुंबई–पुणे घ्या. घाटातले बोगदे, उपनगरं, शेकडो सिग्नल, हजारो इमारती. एकटा माणूस ते पुरं करू शकत नाही. कुर्डुवाडी–बार्शी एवढा तुकडा मात्र एका माणसाच्या आवाक्यातला आहे. अडचण वेगळीच येते. मोठ्या मार्गाचं सामान तयार मिळतं: रूळ, सिग्नल, डबे, लोकप्रिय इंजिनं. बार्शीचं काहीच तयार मिळत नाही. मग मोह होतो की दुसऱ्या कुठल्या तरी नॅरोगेजचं २-६-२ इंजिन घ्यावं, रंग बदलावा, अंगावर अक्षरं काढावीत आणि मोकळं व्हावं. हा मोह टाळलाच पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणतो. का, ते पुढे इंजिनाच्या हिशोबात येईल.

पहिलं काम साल ठरवण्याचं. ‘जुन्या काळची बार्शी लाइट’ असं काही नसतं. १८९७ ची वेगळी, १९३५ ची वेगळी, १९९५ ची वेगळी. मला १९३५ योग्य वाटतं. लाइन मिरजेपर्यंत पूर्ण झालेली आहे, कंपनी अजून स्वतंत्र आहे आणि सगळी ओढ वाफेची आहे. शिवाय तेव्हा ही लाइन किती राज्यांतून जायची ते पाहा. कुर्डुवाडी आणि बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, पुढे येडशी, लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर दुसरं टोक मिरज संस्थानात. निजामाच्या हद्दीत चलन वेगळं, हाली शिक्का. मालावरची जकात वेगळी, जिला तिकडे करोडगिरी म्हणत. शेतकरी तोच, भाषाही बहुतेक तीच, पण बार्शीची गाडी लातूरला पोचेपर्यंत सरकार बदललेलं असायचं. सिम्युलेटरमध्ये सरहद्द दिसत नाही. ती मालाच्या चलनांतून, साइडिंगला थांबून राहिलेल्या डब्यांतून दाखवावी लागते.

साल ठरलं की जमीन. उंचसखलपणाची माहिती आज फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने जगाचा बहुतेक भूभाग मोजला, आणि पुढे ३० मीटरच्या अंतराने घेतलेल्या उंच्या सगळ्यांना खुल्या झाल्या. यात एक योगायोग आहे, ज्याचं मला फार अप्रूप वाटतं: ते यान डोक्यावरून जात होतं तेव्हा बार्शी लाइट अजून चालू होती. म्हणजे त्या आकड्यांत नॅरोगेजच्या दिवसांतली जमीन आहे. मात्र लाइन स्वतः त्यात सापडत नाही. हलक्या रेल्वेचा भराव असतो मीटर-दोन मीटर उंच आणि जेमतेम चार पावलं रुंद. ३० मीटरच्या चौकोनात तो विरघळून जातो. शिवाय रडारला झाडाचा शेंडा आणि जमीन यांत फरक कळत नाही. ओपन रेल्सच्या जमिनीचा एक चौकोन २,०४८ मीटरचा, आणि त्यात दर ८ मीटरला एक उंची. ३० मीटरचे आकडे त्यात ओतले की जमिनीला खोट्या लाटा येतात. त्या लाटांवर रूळ तसाच टाकला तर गाडी उगाच वरखाली होत राहते आणि सगळा चढ-उतार खोटा ठरतो. म्हणून आधी रुळाचा चढ ठरवायचा आणि मग जमीन त्याच्याकडे ओढून घ्यायची: इथे कटिंग, तिथे भराव. खरा इंजिनिअरही याच क्रमाने विचार करतो.

लाइन नेमकी कुठून जात होती, हे नकाशे सांगतात. सर्व्हे ऑफ इंडियाचे इंचाला मैल या प्रमाणाचे जुने नकाशे सर्वांत चांगले. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशेही आहेत, पण त्यांवरून दिशा कळते, वळण कळत नाही. त्याहून उपयोगी वस्तू आहे ती कोरोना नावाच्या अमेरिकी हेर-उपग्रहांची. १९६० ते १९७२ या काळात त्यांनी काढलेली छायाचित्रं १९९५ मध्ये गुप्ततेतून मुक्त झाली. त्यांतल्या शेवटच्या पिढीच्या छायाचित्रांत दोन मीटरच्या आसपासची वस्तू ओळखू येते. रूळ दिसणार नाहीत, पण शेतांच्या बांधांना छेदत गेलेली बारीक, सलग वाकण असलेली रेघ दिसते, आणि बैलगाडीची वाट कधी अशी वाकत नाही. आजच्या उपग्रहचित्रावर ही रेघ शोधताना सावध राहावं. लातूरच्या बाजूला रुंदीकरणात मार्गच बदलला. नवी लाइन धाराशिव शहरावरून जाते. जुनी लाइन शहराला दूर ठेवून जायची. आजच्या नकाशावर रूळ आखणारा माणूस १९३५ ची गाडी अशा स्टेशनात नेऊन उभी करील, जे तेव्हा नव्हतंच.

शेतांच्या बाबतीत तर याहून मोठी फसगत होते. आज कुर्डुवाडी–पंढरपूर पट्ट्यात वरून पाहिलं तर हिरवागार ऊस दिसतो. तो उजनी धरणाचा ऊस आहे, आणि उजनी पुरं झालं १९८० मध्ये. १९३५ मध्ये हा सगळा रब्बी ज्वारीचा मुलूख. माघात उभी पिवळी पडत चाललेली ज्वारी, तर आषाढात बरीच रानं काळीभोर, मोकळी, पेरणीची वाट पाहणारी. म्हणजे जमिनीच्या रंगांचे निदान दोन संच हवेत. रुळाकडेला गाजरगवत लावू नये. ते महाराष्ट्रात दिसायला लागलं १९५० च्या दशकात. सुबाभूळही नको, ती सत्तरच्या दशकातली. बाभूळ, निंब, बोर, चिंच, ओढ्याकाठी करंज आणि उंबर एवढ्यावर भागतं. झाडांची गर्दीही करू नये. दुष्काळी मुलखात क्षितिज दूर असतं आणि धूर खूप आधी दिसतो.

रुळाकडे येऊ. बहुतेक सिम्युलेटरांच्या पोटात गेज १,४३५ मिलिमीटर धरलेलं असतं, कारण ते युरोप-अमेरिकेचं. ट्रेन्झमध्ये रूळ ताणून हवा तसा वाकवता येतो, त्यामुळे गेज बदलणं सोपं. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत रूळ ठरावीक तुकड्यांतून जोडायचा असतो, म्हणून नॅरोगेजचे तुकडे स्वतंत्र करावे लागतात. वळणावर बाहेरचा रूळ किती उचलायचा, हेही गेजवर अवलंबून असतं. समजा १५० मीटर त्रिज्येचं वळण आहे आणि वेग ताशी २५ किलोमीटर. ७६२ मिलिमीटर गेजला सुमारे २५ मिलिमीटर उचल पुरते. तोच हिशोब १,४३५ ला केला तर ४७ येते. कार्यक्रमाला गेज सांगितलं नाही तर छोटी गाडी वळणावर अशी काही कलंडते की पाहणाऱ्याला चुकलंय हे लगेच जाणवतं, मग कारण सांगता येवो न येवो. आवाजाचंही तेच. रूळ ३० फुटी धरले तर ताशी ३० किलोमीटरला सांध्याचा ठोका सेकंदाहून किंचित जास्त वेळाने पडतो. एक्स्प्रेसची खडखड इथे वापरली की डोळ्यांनी जे कमावलं ते कानांनी घालवलं.

आता इंजिन. इथे पाच टन आपलं काम दाखवतात.

०-८-४ इंजिनाला सहा अ‍ॅक्सल. प्रत्येकावर पाच टन धरले तर इंजिन ३० टनांच्या आसपास. त्यातले चार अ‍ॅक्सल चालते, म्हणजे चाकांची पकड ज्यावर अवलंबून ते वजन २० टन. कोरड्या रुळावर पोलादाची पोलादावरची पकड वजनाच्या साधारण एक-पंचमांश धरतात. म्हणजे बॉयलर आणि सिलिंडर पुरेसे आहेत असं मानलं, तरी हे इंजिन चाकं न घसरता चार टन ओढ लावू शकतं, अधिक नाही. उलट बाजूला गाडीचा विरोध. सपाटीवर संथ गतीला टनामागे पाचेक किलो. शंभरात एक चढ असेल तर टनामागे आणखी १० किलो. एकूण १५. चार हजार किलोंना १५ ने भागा: २६६ टन. त्यातून इंजिनाचे ३० वजा करा. उरले २३६. भरलेल्या बोगी डब्याला चार अ‍ॅक्सल, म्हणजे २० टन. अकरा डबे.

आता पाऊस येऊ द्या. ओल्या, चिखल लागलेल्या रुळावर पकड एक-अष्टमांशावर आली, तर ओढ अडीच टन. तोच चढ, तेच इंजिन, आणि डबे फक्त सहा. निम्मी गाडी मागच्या स्टेशनात ठेवून यावं लागणार, किंवा वाळू टाकत, सुटत-धरत रांगावं लागणार. हे कुणी सांगून कळत नाही इतकं सिम्युलेटरमध्ये एका चढावर कळतं. वाफ सोडणारा रेग्युलेटर थोडा जास्त उघडला की चाकं जागच्या जागी फिरतात, गती जाते, आणि चढाच्या मध्यावर गाडी उभी राहते.

म्हणूनच उसनं २-६-२ चालत नाही. त्याला चालते अ‍ॅक्सल तीन. पाच टनांची अट पाळली तर पकडीचं वजन १५ टन, ओढ पाऊणपट. अट मोडून ते जड केलं तर ते बार्शीच्या रुळावर बसतच नाही. सिम्युलेटर तक्रार करणार नाही, पण ३० पौंडी रुळाने केली असती. दिसायला गाडी तीच राहील, आणि ती कशी चालवायची हे मात्र वेगळं होऊन बसेल. मग डबे किती लावायचे, क्रॉसिंगचा लूप किती लांब हवा, वेळापत्रकात किती मिनिटं द्यायची, हे सगळं पाठोपाठ चुकत जातं.

गाडीच्या विरोधासाठी ओपन रेल्स डेव्हिसचं सूत्र वापरतं. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या डब्ल्यू. जे. डेव्हिस यांनी ते १९२६ मध्ये मांडलं. विरोधाचे तीन भाग: एक कायमचा, बेअरिंगच्या घर्षणाचा, एक वेगाच्या प्रमाणात वाढणारा, एक वेगाच्या वर्गाने वाढणारा, हवेचा. बार्शीच्या वेगाला तिसरा भाग जवळजवळ नगण्य. इथे सगळा खेळ चढाचा आणि पहिल्या भागाचा. म्हणून डब्याच्या फाइलमध्ये वजन टाकताना आळस करू नये. रिकामा डबा आणि भरलेला डबा या दोन वेगळ्या वस्तू म्हणून बनवाव्यात. बार्शीहून कापूस भरून निघालेली गाडी आणि रिकामी परतणारी गाडी चालवणाऱ्याच्या हाताला एकसारखी लागली, तर लाइन कशासाठी बांधली हेच त्याला कळणार नाही.

नॅरोगेजच्या प्रवाशांच्या आठवणींत एक गोष्ट हमखास येते: चढावर माणसं खाली उतरत, बरोबर चालत आणि पुन्हा चढून बसत. ही अतिशयोक्ती मानायचं कारण नाही. वरच्या हिशोबाची भरलेली गाडी चढावर ताशी आठ-दहा किलोमीटरला येते, आणि तेवढा वेग जरा पळणाऱ्या माणसाचा असतो.

एकेरी लाइनीवर गाडी चालवण्यापेक्षा थांबण्यात जास्त कौशल्य आहे. पुढच्या स्टेशनमास्तराने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. समोरून येणारी गाडी लूपमध्ये आली, सांधेवाल्याने सांधा फिरवला, मग आपला रस्ता मोकळा. २५ फुटी अकरा डबे, मधले कप्लर आणि इंजिन धरून गाडी होते १०० मीटरच्या आसपास. म्हणजे लूप त्याहून लांब हवा. पण आजच्या स्टेशनाचा ६०० मीटरचा लूप तिथे टाकला तर स्टेशन ओसाड वाटतं. मालडबे आणि प्रवासी डबे एकाच गाडीत असतील तर प्रत्येक मोठ्या स्टेशनावर शंटिंग. दोन डबे मालधक्क्याला सोडायचे, एक उचलायचा, इंजिनाने पाणी घ्यायचं, आणि तोवर प्रवासी निंबाखाली बसलेले. ज्याने सिम्युलेटर फक्त वेगासाठी हातात घेतला, त्याला यात कंटाळा येईल. मला इथेच लाइन जिवंत होताना दिसते.

कुर्डुवाडीचं यार्ड सर्वांत वेळ खाणार, आणि त्याला तो द्यावा. इथे अडीच फुटी लाइन साडेपाच फुटी लाइनीला भेटते, आणि प्रत्येक गाठ एका डब्यातून दुसऱ्यात माणसांच्या हातांनी जाते. कापसाची गाठ तेव्हा ३९२ पौंडांची. एका डब्यात दहा टन कापूस धरला तर ५७ गाठी. अकरा डब्यांच्या सहाशेहून जास्त. गेज वेगळं असण्याची किंमत इथे हमालांच्या पाठीवर मोजली जात होती. सिम्युलेटरमध्ये हमाल उभे करता येतात, पण हलवता येत नाहीत. मी ती किंमत वेळेतून दाखवीन: धक्क्यावर लागलेला डबा काही तासांनंतरच रिकामा म्हणून उपलब्ध व्हावा, तोवर यार्डातली ती जागा अडलेली राहावी. मग खेळणाऱ्याला यार्ड कधीच पुरणार नाही, आणि ते खरं असेल. दुसऱ्या टोकाला मिरज आहे. तिथे पूर्वी ब्रॉड, मीटर आणि नॅरो ही तिन्ही गेजं एका आवारात होती. ते काम मात्र पुढच्यासाठी ठेवावं, नाही तर बार्शी कधी पुरी होणार नाही.

पंढरपूरचं वेळापत्रक वर्षाला एकच असून भागत नाही. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. आणि त्यांत आषाढीची गर्दी सर्वांत मोठी. माणूस सरासरी ५० किलोचा धरला तर टनाला वीस माणसं, शंभर माणसं पाच टन. साधारण दिवसाचा डबा आणि आषाढीचा डबा यांच्या वजनात हा फरक पडलाच पाहिजे. टपावर माणसं बसली की वजन तर वाढतंच, पण ते उंचावरही जातं, आणि ७ फूट रुंद डबा अडीच फुटांवर उभा आहे हे तेव्हा चालवणाऱ्याला विसरता येत नाही. यात्रांच्या वेळी माणसांना मालडब्यांत बसवणं ही त्या काळच्या हिंदुस्थानी रेल्वेंविरुद्धची जुनी तक्रार. म्हणून आषाढीच्या गाडीत फक्त प्रवासी डबे लावून ती नीटनेटकी करू नये. पंढरपूरला जाताना भीमेवरचा पूल येतो. तिथे वेग कमी ठेवण्याची पाटी लावावी आणि गाडी अगदी सावकाश न्यावी. आषाढात नदीला पाणी असतं, पात्र रुंद असतं, आणि खिडकीतल्या प्रत्येकाचं लक्ष त्या बाजूला असतं.

एका गोष्टीबद्दल फार काटेकोर राहायला हवं. पुस्तक लिहिणारा जिथे माहिती नाही तिथे गप्प बसू शकतो. सिम्युलेटर बांधणाऱ्याला ती सोय नाही. स्टेशनमागे काही तरी असावंच लागतं. फाटकाजवळच्या घराला छप्पर द्यावंच लागतं, मग ते धाब्याचं की पत्र्याचं हे माहीत असो वा नसो. आणि एकदा पडद्यावर आलं की खरं आणि अंदाजाचं सारखंच ठसठशीत दिसतं. उद्या कुणी मुलगा हे पाहून बार्शी लाइट अशीच होती असं धरून चालेल. म्हणून मार्गासोबत एक साधी फाइल असावी: हे वळण कोरोनाच्या छायाचित्रावरून, हा चढ रेल्वेच्या उभ्या छेदाच्या नकाशावरून, ही इमारत अमुक दशकातल्या फोटोवरून, आणि हे सगळं बाकीचं अंदाजाने. गँगमन, फायरमन, गार्ड म्हणून काम केलेली म्हातारी माणसं अजून कुर्डुवाडीत, बार्शीत, पंढरपुरात भेटू शकतात. त्यांना तयार मार्ग दाखवून ‘कसा वाटतो’ विचारू नये. ते कौतुकच करतील. पाणी कुठे घ्यायचे, चढावर कुठे वाळू टाकायचे, कोणत्या स्टेशनावर क्रॉसिंगला सर्वांत जास्त वेळ जायचा, असं नेमकं विचारावं. अशा प्रश्नांची उत्तरं कुठल्याही नकाशावर नाहीत.

आणि कामाचा क्रम कॅलथ्रॉपचाच ठेवावा. आधी कुर्डुवाडी ते बार्शी, एक ०-८-४ इंजिन, एकाच चौकटीचे उघडे आणि बंद डबे, दोन टोकांची यार्डं. सांध्यांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत हा तुकडा चालता झाला, भरलेली गाडी चढावर बरोबर तितकीच दमायला लागली, की मग येडशीकडचा बालाघाटाचा भाग घ्यावा. तिथे चढ वाढतील आणि त्याच इंजिनाला डबे कमी करावे लागतील. पंढरपूरची शाखा त्यानंतर. नवं इंजिन बनवायची वेळ येईल ती तिथे, आणि तेव्हाही त्याच्या फाइलमध्ये सर्वांत आधी भरायचा आकडा ठरलेला आहे.